चुलीचे तीन दगड

वैशाख शुद्ध षष्ठी, शके १८५१. देवरुखावरच्या जंगलात मुक्काम.

उद्या सकाळी तोडलेले ओंडके उतारावरून खाली सोडायचे आहेत आणि त्यांची वाट मीच आखली आहे. मार्गशीर्षात उतार पायाखाली घालून झाडांवर, कातळांवर गेरूच्या खुणा केल्या, तेव्हा खालच्या सपाटीवर काळे पडलेले तीन दगड दिसले होते. गुराख्यांची चूल असेल म्हणून पुढे गेलो. दिवाळीनंतर कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाआधी परत येऊन जुन्याच जागी झोपड्या घालतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. मग सुचलं कसं नाही?

आज त्या दगडांभोवती, माझ्या आखलेल्या वाटेच्या अगदी तोंडावर, पाच झोपड्या उभ्या आहेत. सोमी म्हातारी भाकरी थापत होती. गेरूच्या खुणांकडे बघून म्हणाली, "मुकादम, लाकूड चुलीपर्यंत धाडू नका हो. आमी आपली वेचून आणतो." बाया हसल्या. मला हसू येईना.

ठेकेदार शेटना सांगितलं. म्हणाले, "त्यांना हलायला सांगा. नवी वाट आखायची तर आठवडा जाईल. नजर गेली काय तुमची?" ती माणसं हलतील कुठे? पाण्याचा झरा तेवढा तिथेच आहे.

सारखे ते तीन दगड डोळ्यांपुढे येतात.

उजाडायच्या आत वर जाऊन सगळ्या खुणा खरवडून टाकीन. मजूर मलाच विचारतील, ओंडके कुठून सोडायचे. सांगेन, मला वाट दिसत नाही. नजर गेली म्हणून शेटच म्हणाले आहेत.