पहिले दोन शब्द

३ मार्च

डोक्यात गाठ आहे म्हणे! डॉक्टरांनी फोटो दाखवला. लिंबाएवढी, आणि नेमकी आठवणींच्या जागेवर बिऱ्हाड थाटून बसलेली. आयुष्यभर विंगेत उभं राहून मी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. आता माझंच डोकं रिकामं व्हायला निघालंय. वा!

५ मार्च

चष्मा फ्रीजमध्ये सापडला. जग थंडगार दिसतंय.

८ मार्च

ऑपरेशनआधी एक प्रयोग करू दिला – उपकारच! बाप मेल्याचा प्रसंग. नायक मुद्दाम थांबला होता, रडण्याआधी. मला वाटलं, विसरला. दिलं वाक्य – तेही मागच्या वर्षीच्या नाटकातलं! आणि त्या शहाण्याने ते म्हटलंसुद्धा. बापाच्या प्रेतापाशी उभा राहून म्हणतो, "चहा टाक गं, पाहुणे आलेत!" काय हशा पिकला! मॅनेजर पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काका, आता आराम करा." म्हणजे नारळ दिला.

९ मार्च

हिला प्रॉम्प्टिंग अजिबात जमत नाही. निवृत्त मास्तरीणबाई! मी जरा अडलो की अख्खं वाक्य म्हणून दाखवते, शेजाऱ्यांनाही पाठ होईल अशा आवाजात. शेवटी चिडलो. "अगं, पहिले दोन शब्द द्यायचे फक्त. ओठांतल्या ओठांत. बाकीचं नटाला म्हणू दे. त्याची अब्रू राहते."

"तुम्ही कधीपासून नट झालात?" म्हणाली. मग तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

१४ मार्च

उद्या ऑपरेशन. गाठीबरोबर काही आठवणीही जातील, कुठल्या ते सांगता येत नाही – इति डॉक्टर. सामान हलवणारेही असंच म्हणतात, काय फुटलं ते घरी गेल्यावर बघा! मी म्हटलं, सगळी नाटकं न्या, मॅनेजरला तर आधी न्या. ही तेवढी राहू दे.

फार भीती वाटतेय. हिला सांगितलं नाही.

२ एप्रिल

डॉक्टर आज जाम खूश! खाटेजवळ बसलेल्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "या कोण?" मी अडलो. बाईंनी ओठ जेमतेम हलवले – "ही माझी…" पुढचं मी ठणठणीत म्हटलं, "बायको!" डॉक्टरांना पत्तासुद्धा नाही. इतकं सफाईदार काम फार दिवसांत पाहिलं नव्हतं. बाई कुठल्या नाटक कंपनीत असतात, विचारायला हवं.