तिसऱ्यांदा विसळलेल्या बाटल्या

मुलुंड, शनिवार दुपार

प्रिय अपूर्वा,

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर मी पहिल्याच वाक्यात सॉरी म्हणून मोकळी होते आणि तूही लगेच "जाऊ दे गं" म्हणतेस. या वेळी तसं व्हायला नको, म्हणून कागदावर लिहितेय. लॅबमध्ये शर्मिष्ठा म्हणाली, तू संशोधन सोडतेयस, सोमवारपासून चारकोपला तुझ्या नितेशदादाच्या ओळखीच्या रंगाच्या कारखान्यात लागतेयस. त्याआधी हे तुला मिळायला हवं. केयूर तुझ्यासारखा कांदिवलीलाच राहतो, तो उद्या आणून देईल.

लॅबमधल्या तुझ्या बरण्या ठीक आहेत. मानखुर्दच्या खाडीतल्या चिखलातून आणलेले ते जिवाणू अजून मस्त हिरवे आहेत. झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि केयूर नाकाला रुमाल लावून बाहेर पळतो. तो चिखल आणायला गेलो होतो तेव्हा तू गुडघ्यापर्यंत आत शिरली होतीस आणि मी बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून काठावर उभी होते. परत येताना सीटला लागलेल्या चिखलावरून रिक्षावाला मलाच ओरडला, कारण तुझ्याशी तो तोवर गावाच्या गप्पा मारायला लागला होता. दोघंही देवगडकडचे निघालात.

विद्याधर सरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. प्रकाशावर जगणाऱ्या बहुतेक जिवाणूंमध्ये तो प्रकाश पकडणाऱ्या रंगद्रव्याच्या प्रत्येक रेणूला प्रथिनं धरून जागेवर बसवतात. आपले हे हिरवे मात्र वेगळे. चिखलाच्या अंधारात, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे त्यांचे लाखो रेणू कुणीही न बसवता आपले आपण एकमेकांना चिकटून रचले जातात. सगळे वहीत लिहून घेत होते आणि मी तुझ्याकडे बघत होते. तू आलीस की माणसं अशीच जमतात. मला मात्र लहानपणापासून कुणीतरी धरून बसवलेलं आहे.

ते वसुधाआत्याने. दम्यामुळे तिसरीपर्यंत माझी शाळा घरातच झाली, आमच्या जेवणाच्या टेबलावर. आत्या तेव्हा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. वाचायला आणि काच धुवायला मी एकाच वर्षी शिकले. आधी साबण, मग पाणी, तिसऱ्यांदा स्पिरिटने विसळायचं आणि धूळ बसायच्या आत लगेच झाकण लावायचं. दिवाळीत तू घरी आलीस तेव्हा अर्ध्या तासात आत्याने तिचं ते लाकडी स्टँड, परीक्षानळ्या उभ्या करायचं, तुझ्या हातात दिलं. "हिच्या हाताला काम आपसूक होतं बघ," म्हणाली. मी स्वयंपाकघरात डाळिंब सोलत होते. त्या स्टँडच्या भोकांमध्ये बोटं घालून मी बेरजा शिकलेय अपूर्वा. मला ते कधी मागावंसं वाटलं नाही, कारण ते माझंच आहे असं मी धरून चालले होते.

आणि मग तुझा तो आलेख. मिथेनॉलमध्ये रंगद्रव्य सुटं सुटं राहतं, निळसर हिरवं, प्रकाश शोषल्याच्या आलेखाचं टोक सहाशे सत्तर नॅनोमीटरला. ते पूर्ण वाळवून दुसऱ्या धुतलेल्या बाटलीत, हेक्झेन या वेगळ्या द्रावकात सोडलं की रेणू एकत्र येतात आणि टोक सातशे चाळीसला सरकतं. माझं अकरा वेळा सरकलं नाही. तुझं पहिल्याच वेळी सरकलं, तेही नुसत्या नळाच्या पाण्याने धुऊन खिडकीत वर्तमानपत्रावर पालथ्या घातलेल्या बाटल्यांमध्ये. तू मला मिठी मारलीस आणि मी म्हटलं, यापुढे तुझी काच मी धुते. तू म्हणालीस, "गंधाली, तुझ्या बाटलीतून मी पन्हंसुद्धा पिईन यार." ते मी तुझ्यासाठी केलं नव्हतं. तुझ्या यशात कुठेतरी माझा हात असावा, एवढंच हवं होतं.

त्यानंतर तुझंही जमेना. चार वेळा नाही जमलं. मी तुला चहा आणून द्यायचे, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं.

या सोमवारी मी धुतलेल्या एका बाटलीचं झाकण उघडलं आणि मिथेनॉलचा वास आला. तिसरं विसळणं मी मिथेनॉलने करते आणि धूळ नको म्हणून ओल्यावरच झाकण लावते. आत उरलेला तो थेंबभर ओलावा रेणूंना एकमेकांजवळ येऊच देत नव्हता, माझ्याही आणि तुझ्याही. खोक्यातली कोरी बाटली घेऊन बघितलं. सातशे चाळीस. माझं पहिलंच यश, आणि ते दाखवलं असतं तर तूच बरोबर होतीस हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी वही मिटली. गुरुवारी सरांनी सगळ्यांसमोर तुला विचारलं की पहिल्या वेळी नमुन्यांची अदलाबदल तर नाही ना झाली, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी पेनाच्या टोपणाकडे बघत राहिले. "असेल सर, माझीच चूक असेल," असं म्हणून तू, जिथे तो आलेख मांडणार होतीस, त्या परिषदेतून नाव मागे घेतलंस.

आज सकाळी मी सरांपुढे वही ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "सोमवारीच कळलं होतं?" मी हो म्हटलं. तुझं नाव ते पुन्हा पाठवतायत. माझ्याबद्दल काय ते नंतर बोलणार आहेत. हेवा गेलाय असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. आत्याचं स्टँड तुझ्या टेबलावर आहे आणि येता-जाता माझी नजर तिथेच जाते. त्याच्या शेजारी कोऱ्या बाटल्यांचं खोकं ठेवलंय. सोमवारी चारकोपला जाऊ नकोस. लॅबवर ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आणि तुझ्या बाटल्या यापुढे तूच धू.

तुझीच,
गंधाली