वॉर्मर नापास

३ मे २००५
लॅबमध्ये बोरसे शेठचा वॉर्मर आला. कमी दिवसांची बाळं उबेत ठेवायचं यंत्र. वर हीटर, खाली गादी, बाळाच्या पोटाला चिकटवायची तापमानाची वायर. यंत्राला हार, हळदकुंकू. चाचणीच्या खोलीच्या दारात नारळ फोडायला निघाले होते. म्हटलं, शेठ, नारळ फोडून शॉक कमी बसत नाही. हसले. या माणसाला राग येत नाही, हेच वाईट.
सरकारी टेंडरसाठी आमचा 'पास' हवाय. "गावोगाव चाललीत माझी मशिनं, एक तक्रार नाही." बाळं तक्रार कशी करणार, हे विचारायचं राहिलं.

५ मे
शॉकची चाचणी. अर्थिंग ठीक, करंटची गळती ठीक. नाइलाजाने पास.

६ मे
ईएमसी. म्हणजे आजूबाजूच्या लहरींनी यंत्र बिथरतं का ते. पत्र्याच्या बंद खोलीत वॉर्मर, गादीवर बाळाऐवजी कोमट पाण्याची पिशवी. मोबाइलच्या लहरी सोडल्या, आकडा ३६ वरून ३२. पिशवी होती तेवढीच गरम. यंत्राला वाटलं बाळ गार पडलं, हीटर फुल! लहरी चालू तोवर पिशवी तापतच गेली. अलार्म नाही, कारण अलार्मही त्याच खोट्या आकड्यावर. डिझाइन कुणाचं? शेठच्या मेव्हण्याचं. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा.
शेठ: "दवाखान्यात मोबाइल बंदच असतात हो." म्हणताम्हणता खिशातला वाजला, आरतीची रिंगटोन. तिथंच उभं राहून कांद्याचा भाव विचारून घेतला.
आमचे साहेब, म्हणजे लॅबचे मालक: "अॅडजस्ट होतंय का बघा." डोंबल अॅडजस्ट. नापास लिहिलं.

९ मे, सटाणा
सुमीला मुलगी. दोन महिने आधीच. एवढीशी, कातडी कागदासारखी. मामा झालो म्हणून आनंदात गेलो आणि काचेतून पाहिलं तर वॉर्मर बोरसे शेठचाच.
डॉक्टरांशी बोललो. दुसरा वॉर्मर जवळपास नाही, आणि तिला हलवता येणार नाही. तेवढी एकच गोष्ट पाळायची होती, म्हणून सुमीच्या सासरच्यांना बजावलं: बाळाजवळ मोबाइलवर बोलायचं नाही. कारण सांगत बसलो नाही. या मंडळींना कळणार थोडंच. सासूबाई मान डोलवत म्हणाल्या, "बरं भाऊ, नही बोलसूत." सुमीच्या नवऱ्याने 'मोबाइलवर बोलू नये' अशी पाटी लावली आणि पाटीखालीच उभं राहून मोबाइलवरून पेढे सांगितले. धन्य.

१४ मे
शेठ परत. लहरी अडवायला वायरीला चंदेरी कागद गुंडाळून आणलाय, बहुतेक मिठाईच्या खोक्यातला. परत नापास. साहेब फुगले. विकलेली मशिनं परत मागवा म्हटलं, तर शेठ, "बाजारात तोंड कुठं दाखवू?" माझी भाची त्याच मशिनखाली आहे, हे सांगितलं नाही. त्यातही त्याने जाहिरात शोधली असती.

१८ मे
सुमीचा फोन. बाळ दूध गिळतंय. खूप बरं वाटलं. लॅबमधल्या गाढवांशी दिवसभर नीट बोललो.

२० मे
दुपारभर पत्र्याच्या खोलीत. शेठ तिसऱ्यांदा आलेत, आता म्हणे कंपनीने मशिनच्या सर्किटला नवीन डबा बनवलाय. आत मोबाइलला रेंज नसतेच. बाहेर आलो तर रिसेप्शनवरच्या शिंदे मॅडम हसतायत. सुमीच्या सासूबाईंचा फोन आला होता. आज बारसं. बाळाची आत्या सुरतला, तिला येणं जमत नाही. म्हणून मोबाइल बाळाच्या कानाशी ठेवणार आणि आत्या तिकडूनच कुर्र करणार. शिंदे मॅडमनी त्यांच्याच बोलीत निरोप दिला: "भाऊले सांगा, आम्ही नही बोलसूत, आत्याच बोली."
दवाखान्याचा फोन लावला. डेड. सुमीच्या नवऱ्याचा मोबाइल लावला. व्यस्त.
व्यस्त म्हणजे चालू. बाळाच्या कानाशी चालू.
शेठ शेजारीच होते. म्हटलं, "सटाण्याला तुमचं मशिन आहे. माझी भाची आहे त्यात. आत्ता तिच्या कानाशी मोबाइल आहे. काही होत नाही ना शेठ? सांगा ना." शेठनी गाडीची चावी काढली.

त्याच दिवशी, शेठच्या गाडीत
ओझर मागे पडलं. अक्षर हलतंय. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितोय. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, शेठ हॉर्नवर हॉर्न.
डॉक्टरांचा मोबाइल बंद. ती पाटी वाचून बंद ठेवत असणार. अख्ख्या दवाखान्यात पाटी मानणारा एकच निघाला, आणि तोही आज.
नवऱ्याचा: व्यस्त. सुरतची सगळी गल्ली आशीर्वाद देतेय की काय. एक वाक्य जास्त बोललो असतो त्या दिवशी, तर काय बिघडलं असतं माझं.
शेठ: "त्या पाण्याच्या पिशवीचं शेवटी काय झालं होतं?"
समोर उभे होते तेव्हा. बघत होते. परत नवऱ्याचा नंबर लावला.
व्यस्त.
व्यस्त.
आता रिंग वाजतेय. कुणी उचलत नाही.