वीतभर फट

मालेगाव, ८ जानेवारी १९७४

तीर्थरूप बाबांना आणि आईला गंगूचा सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. शिवणवर्गाच्या टिनाच्या शेडला तुरीच्या काड्यांचा, तुराट्यांचा कूड बांधून तो वरपर्यंत लिंपला, आत कोळशाची शेगडी ठेवली, आता थंडीची काळजी नाही, असं कळवलं होतं.

काल वर्गातल्या लिलाबाई मशीनवरच बेशुद्ध पडल्या. बाहेर नेल्यावर बऱ्या झाल्या. पंचफुलाबाई म्हणाली, "मास्तरीनबाई, आमाले शिवणं शिकवून राह्यल्या, का आंब्यावानी अढीत पिकवून राह्यल्या?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आपल्या घरी छपराच्या कवेलूंतून हवा खेळते. इथे शेगडीतल्या कोळशाचा विषारी वायू बाहेर जायला टिनाखाली मी फटच ठेवली नव्हती. आज वरचा वीतभर कूड काढला.

बाबा, तुमच्या सुतारकामाच्या शेडवरही टिनच आहे. माझं पत्र ऐकून तुम्ही लिंपायला घेतलं असेल. देवमनदादा, पुढची ओळ बाबांना दोनदा वाचून दाखवा. आत शेगडी पेटवू नका.

आईचा खोकला कसा आहे? तिला त्या शेडमध्ये बसवू नका.

तुम्ही "बरं" म्हणाल आणि हात गारठले की पेटवाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून रविवारी, तेरा तारखेला, सकाळच्या एसटीने येते आणि वरचा कूड माझ्या हाताने काढते.

तुमची
गंगू