तेवीस चुकांचं पत्र

४ फेब्रुवारी, सकाळ
ठरवलं: आजपासून पुस्तकाच्या खपाचा विचार बंद. छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता स्वतःचं आत्मचरित्र आहे: ‘काना, मात्रा आणि मी’. निघून वर्ष झालं. वाचक आपोआप येतील. पाचशेतल्या एकोणीस प्रती गेल्या, बाकीच्या पलंगाखाली आहेत. ही म्हणते, फुकट वाटलेल्यांना ‘गेल्या’ म्हणू नका.

४ फेब्रुवारी, दुपार
विचार केला.

५ फेब्रुवारी
वाचक आपोआप आले! एका प्रसिद्धी संस्थेचं पत्र, ई-मेलने. पुस्तक वाचून भारावले आहेत. तीन महिन्यांत दहा हजार वाचक, मुलाखत, पुरस्कार. शुल्क तेवढं आधी भरायचं. रास्त आहे. शिंपीसुद्धा आगाऊ घेतो.
पत्रात तेवीस चुका. मुलीला दाखवलं. म्हणाली, बाबा, हे चोर आहेत. पत्ता नाही, फोन नाही, पैसे आधी, आणि भाषा बघा. म्हटलं, भाषेवरून माणसं आत टाकायची तर तुझं अख्खं ऑफिस आत जाईल.

७ फेब्रुवारी
पत्र लाल शाईने दुरुस्त करून, स्कॅन करून परत पाठवलं. शेवटचा परिच्छेद फारच लंगडा होता, तो नव्याने लिहून दिला. तासाभरात उत्तर: सर, आपल्या सूचना शिरोधार्य. चोर कधी सूचना घेतो का? अडतीस वर्षांत एकाही लेखकाने इतक्या नम्रपणे वेलांटी मान्य केली नव्हती.
मुलगी म्हणाली, त्यांना फुकटात प्रूफरीडर मिळाला. तिला यातलं कळत नाही.

९ फेब्रुवारी
पैसे भरले. स्वयंपाकघराच्या रंगासाठी ठेवलेले. हिला म्हटलं, आहे हाच रंग मला आवडायला लागलाय. तिने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, कधीपासून?

१८ फेब्रुवारी
संस्थेच्या मॅडम लिहितात, मोहीम जोरात आहे. चाळिसाव्या पानावर त्यांना रडू आवरलं नाही. चाळिसाव्या पानावर अर्धविराम आहे. साहजिक.

२ मार्च
पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव! प्रमाणपत्राचं शुल्क वेगळं. मी आता खंबीर व्हायचं ठरवलंय. विचारलं, प्रती किती गेल्या?

६ मार्च
उत्तर नाही. मॅडमची तब्येत बरी नसावी.

९ मार्च
तब्येतीची चौकशी करणारं पत्र पाठवलं. ते परत आलं. ‘हा पत्ता अस्तित्वात नाही.’ वाक्य निर्दोष आहे.

१५ मार्च
बाइंडरचा फोन. माझं पुस्तक त्यानेच बांधलं. छापखान्यात मला वेलांटी म्हणायचा, अजून म्हणतो. हल्ली त्यानेही स्वतःच्या कवितांचं पुस्तक काढलंय. म्हणाला, अरे वेलांटी, मला एका प्रसिद्धी संस्थेचं पत्र आलंय, उद्या पैसे भरतोय. आधी शंका होती रे. पण पत्रात शोधून चूक सापडत नाही. शेवटचा परिच्छेद तर वहीत उतरवून घेतला. असं लिहिणारा माणूस लबाड असेल का?
मग परिच्छेद वाचून दाखवला. संस्थेचं नाव वेगळं. परिच्छेद माझा.
क्षणभर बरं वाटलं. रोजनिशीत खोटं लिहू नये.

१५ मार्च, संध्याकाळ
मुलगी म्हणाली, बाबा, आत्ताच्या आत्ता काकांना सांगा. सांगणार आहेच. पण असल्या गोष्टी फोनवर बोलू नयेत. निनावी पत्र लिहिलं. उत्तम उतरलं. पाठवलं नाही. तो माझी शैली लगेच ओळखेल.
मघाशी ओळखली नव्हती.

१६ मार्च, सकाळी दहा
त्याच्या दुकानात गेलो. हाताला खळ, समोर मोबाइल, शेजारी बँकेचं कार्ड. म्हटलं, ही संस्था मला बरी वाटत नाही. म्हणाला, कशावरून? म्हटलं, भाषा जरा जास्तच शुद्ध आहे. तो म्हणाला, वेलांटी, तुला ताप आलाय का? आणि खळीचा हात पुसून आकडे टाकायला लागला.
तेव्हा सांगितलं. पैसे, मॅडम, लाल शाई, परिच्छेद. सगळं.
तो खुर्ची धरून हसला. मोबाइल उपडा ठेवला. मग खळीचं भांडं बाजूला सारलं. म्हणाला, तू बोललास, आता मीही बोलतो. वर्षभर धीर होत नव्हता. तुझ्या पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे दोन गठ्ठे शिवताना उलटसुलट झाले. सोळाव्या पानानंतर थेट तेहेतिसावं. सतरावं त्या अख्ख्या गठ्ठ्यानंतर. पाचशेच्या पाचशे तसेच. म्हटलं, कुणी ओरडलं की कबूल करू. कुणी ओरडलंच नाही रे. तूसुद्धा.
मी प्रुफं चार वेळा वाचली होती. पुस्तक कशाला वाचू?

१६ मार्च, दुपार
एकोणीस जणांना प्रती दिल्या. एकोणीसही जण ‘छान’ म्हणाले होते.
हिला विचारलं, तू खरंच वाचलंस का? म्हणाली, दोनदा. म्हटलं, मग सोळाव्या पानानंतर काही खटकलं नाही? म्हणाली, नाही बाई. आपलं लग्न होतं, आणि पुढे तुम्ही तिसरीच्या वर्गात जाऊन बसता. मला ते बरोबरच वाटलं.