‘आला’ लिहिता येत नाही

आई, माझ्यावर एक घोर अन्याय झालाय. मला ‘आला’ हा शब्द लिहिता येत नाही. राग आला, वीट आला, पाहुणा आला, या शब्दावाचून मराठी माणसाचं किती अडतं बघ. कोड लिहिते त्या एडिटरमध्येच तुला लिहायला बसले, दुसरीकडे बोटं चालत नाहीत. ‘पाऊस आला असता तर’ एवढं लिहिताना बोट सवयीनं टॅबच्या बटणावर पडतं आणि पडद्यावर कोडच्या ओळीच ओळी कोसळतात. यंदा बीड जिल्ह्यात कोसळलं ते एवढंच.

एडिटरमध्ये आपापले शॉर्टकट करता येतात. नेहमीच्या ओळी साठवायच्या, त्यांना छोटं नाव द्यायचं. ते नाव लिहून टॅब दाबलं की सगळ्या ओळी हजर, फक्त गावाचं नाव भरायचं. आपल्या दूध संस्थेनं पाण्याचे टँकर चालवायला घेतलेत. टँकर गावात शिरला की सभासदाच्या मोबाइलवर संदेश जावा, हे काम माझ्याकडे. त्या ओळींना मी नाव दिलं तुझ्या हाळीचं. दारातल्या ओट्यावरून तू एकदाच ओरडायचीस, ‘आला!’ तेवढ्यावर मी हंडे उचलायचे, दादा पाइप घेऊन पळायचा, चुलीवरचा तवा खाली यायचा. एका शब्दात सगळं घर. तुझ्या तापात मात्र हाळी पडली नाही, टँकर निघून गेला, आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्यातली एक कळशी आपल्याकडे ओतली. ‘पुढल्या टँकरला देते,’ तू म्हणालीस. पुढच्या टँकरला तू नव्हतीस.

संस्थेत काकूंच्या नावापुढे नंबर लेकाचा, आणि लेक पुण्यात. मागच्या आठवड्यात टँकर आल्याचं पुण्याला कळलं, काकूंना नाही. मी गेले तर काकू रिकाम्या रांजणाशी बसलेल्या.

‘कावून गं, पाणी आता मोबाइलात येतं व्हय?’

‘काकू, मेसेज गेलता.’

‘गेलता ना? मग लेकालाच पिऊ दे. तुझी माय लई भांडकुदळ, पर गल्लीभर ऐकू जायची.’

माझ्यातलं पाणी देऊ केलं तर म्हणाल्या, ‘उधारी नगं. तुझ्या मायीचीच बाकी हाय.’

आठवडाभर त्या घरोघर तांब्या-तांब्या मागत राहिल्या. टँकर जिथं भरतो ते धरणही तळाला गेलंय. यापुढे टँकर येईलच, असं संस्थेत कुणी म्हणत नाही. आजचाही चुकला तर काकू काय पितील, याला माझ्याकडे शॉर्टकट नाही.

इथवर लिहिलं आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला. मोबाइलही वाजला, कोड बिनचूक. तरी ओट्यावर गेले. ओरडले, ‘आला!’ सगळ्यांत आधी दार उघडलं ते काकूंचं.

आता परत बसलेय. हे पत्र कुठं पाठवणार? राहील कोडच्या फायलींमध्ये. मघाशी माझा आवाज थेट तुझ्यासारखा भांडखोर निघाला, आणि मला बरं वाटलं. काकूंचे हंडे भरल्यावर मी आपल्यातली एक कळशी उचलून त्यांच्या घरात नेली.

‘ही कशाची?’

‘जास्तीची भरली.’

काकूंनी रांजणावरचं झाकण काढलं.