वाफ्यातली काळी माती

२ मार्च
मिळाली एकदाची खोली! मागच्या गावात ट्रक धुत होतो, त्याआधी काय करायचो तेही धड आठवत नाही. इथे स्वतःची खिडकी आहे, खाली अंगण. घरमालकीण मावशींनी बजावलंय, जेवायला उशीर केलास तर पाठीत धपाटा बसेल. त्यांची नात टिकली पाच वर्षांची, माझ्या बुटात खडे भरते. एक नाडी गायब होती. बादलीत सापडली.

५ मार्च
काम सोपं आहे. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याची जमीन साफ करायची: माती खरवडा, चुना मिसळा, ताडपत्रीखाली ढीग लावा. मुकादम मला ‘पाहुणा’ म्हणतो, कारण मी टिकणार नाही म्हणे. त्याने समजावलं की बॅटऱ्यांतलं विषारी शिसं आळशी असतं. मातीला चिकटलं की हलत नाही, चुन्याने आणखी गाढ झोपतं. फक्त आंबट लागलं की उठून चालू लागतं. पुढेही काहीतरी सांगत होता, पण तारेवर एक निळा पक्षी बसला होता.

११ मार्च
मावशींचा वाफा म्हणजे नुसते दगडगोटे. कारखान्याच्या कुंपणाजवळ चुना न लागलेली काळीभोर माती होती, पाला कुजून लोण्यासारखी झालेली. एवढी छान माती खराब कशी असेल? चार पोती आणली. मावशींनी पाठ थोपटली. आजवर कुणी थोपटली नव्हती.

२० एप्रिल
पालक तरारलाय. टिकली वाफ्यातल्या मातीत लिंबू पिळून ‘स्वयंपाक’ करते, स्वतः चाटते. मलाही चाटायला लावलं. गोड लागलं. लिंबू असूनही!

९ मे
टिकलीचं पोट दुखतंय. डॉक्टर म्हणाले, जंत. मावशी म्हणाल्या, रक्त कमी झालंय, रोज पालक द्यायचा.

१७ मे
मुकादमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, काळी माती तरी बरी ना? तो खो खो हसला. म्हणाला, अरे पाहुण्या, तीच सगळ्यात वाईट, कुजका पाला शिसं धरून ठेवतो, आणि ते पोटात गेलं की हिरडीवर निळी रेघ उमटते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की.
निळा पक्षी. हरामखोर पक्षी.

१८ मे
आज सांगणार होतो. मावशींनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. उद्या सांगतो.

२३ मे
वाफा उकरायला घेतला. मावशी ओरडल्या, दिलेली माती परत नेतोस काय मेल्या? सांगायचं सोडून मी ती पुन्हा भरली. स्वतःच्या हाताने.
टिकली बघून हसली. हिरडीवर निळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी. आरशात माझ्याही —

२७ मे
टिकली मला ओळखत नाही. मुठीत माती. सोडत नाही.

२९ मे
मनगट लटकतंय. पेन डाव्या — सांगायला गेलो. तोंड उघडलं तर मावशींनी घास भरवला. पालक. गिळला.

३० मे
मावशी वर आल्यात. सांगताहेत, टिकली किती दिवसांनी गाढ झोपलीय, हाका मारल्या तरी उठत नाही. हसताहेत. त्यांच्याही हिरडीवर —
सांगतो. मावशी, ती माती मी